खरडलेली भिंत

आमच्या सरकारी बांधकाम कार्यालयाच्या दर्शनी भागाला चार गोल खांब आहेत. वरच्या टोकाला कमळाच्या पाकळ्या आणि पाकळ्यांना सोनेरी रंग. ते, शहरातून निवृत्त होऊन आलेले एक वास्तुविशारद, पहिल्यांदा आले तेव्हा आत येण्याऐवजी या खांबांपाशी थांबले, मूठ वळून चारही खांब एकेक करून वाजवले, मग माझ्या टेबलापाशी येऊन नमस्कारही न करता म्हणाले, "तिसरा सोडून बाकीचे पोकळ आहेत. काय उचलतात ते?"

मी म्हटलं, "छत उचलत असतील."

"छत तुळईवर आहे. खांब छताला लागलेलेसुद्धा नाहीत. वर फट आहे, तिच्यात चिमणीनं घर केलंय."

मी त्या इमारतीत अकरा वर्षं नोकरी करत होतो. रोज त्या खांबांमधून आत येत होतो. फट मला दिसली नव्हती, चिमणीही नाही. माझ्या पदवीच्या कागदावर 'स्थापत्य' असा शब्द छापलेला आहे, हे त्या दिवशी मी त्यांना सांगितलं नाही.

"काय उचलतो हा?" हा त्यांचा प्रश्न होता आणि तो ते कशालाही लावत. गोंदियात नव्या वसाहतींच्या तोंडाशी मोठमोठ्या कमानी उभ्या राहतात. मागे घरं असोत की धानाच्या बांध्या, कमान आधी. अशा प्रत्येक कमानीखाली ते स्कूटर थांबवत आणि वर बघत. लग्नाला गेले की वधूवरांना भेटण्याआधी मंचाच्या मागे जाऊन थर्माकोलचा महाल कशाच्या आधारानं उभा आहे ते पाहून येत. एकदा आमच्याकडच्या एका समारंभात व्यासपीठावर नऊ पाहुणे बसले होते. त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "यातले किती काढले तर कार्यक्रम पडेल?" मी हिशोब केला. एकही काढला नाही तरी पडला असता, इतकी भाषणं झाली.

मोठ्या शहरातल्या एका नावाजलेल्या कचेरीत त्यांनी उभं आयुष्य सिमेंट आणि काचेच्या इमारतींचे नकाशे काढण्यात घालवलं होतं. ते शिकले त्या काळात सरळ रेष हा धर्म होता. सपाट छत, उघडं काँक्रीट, नक्षी नाही, रंग नाही, जे आहे ते दिसलं पाहिजे आणि जे नाही ते दाखवायचं नाही. त्यांचे गुरुजी म्हणे विद्यार्थ्यानं कागदावर महिरप काढली की कागद फाडत. यांनी गुरुजींच्या पुढे मजल मारली होती. महिरप काढणाऱ्याशी ते बोलणंच सोडत. आमच्या कार्यालयात सगळेच महिरपी काढत. मला त्या जमत नसत, म्हणून ते माझ्याशी बोलू लागले. आमच्या मैत्रीचा पाया एवढाच.

निवृत्तीनंतर ते गोंदियाला आले, कारण पत्नीचं माहेर इथलं. बाई कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. राहायला त्यांनी स्वतःच्या नकाशावर घर बांधलं: एक राखाडी चौकोन, त्याला अचूक मापाच्या खिडक्या आणि वर तळहातासारखं सपाट छत. आमच्याकडे चार महिने पाऊस असतो आणि तो छताचा आकार विचारून पडत नाही. मी त्यांना सुचवलं होतं की थोडा उतार द्या. ते म्हणाले, "उतार देणं म्हणजे पावसाला शरण जाणं." बाई चहा घेऊन येत होत्या. त्या म्हणाल्या, "आम्ही दर जुलैत शरण जातो. स्वयंपाकघरात. तिथे फक्त एक बादली लागते."

ते हसले नाहीत. त्यांना स्वतःवरचे विनोद कळत, पण ते दुसऱ्या दिवशी हसत.

दिखाऊपणाचा तिटकारा हाही एक दिखाऊपणा होऊ शकतो, हे त्यांच्या सहवासात राहून मला कळलं. त्यांच्या सदऱ्याला एकच खिसा असे. दुसरा कधी वापरात येत नाही म्हणून ते शिंप्याकडून काढून घेत. उसवलेल्या शिवणीचा माग छातीवर दिसत राही आणि लोक तोच आधी पाहत. मी हे त्यांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, "माग दिसू दे. काहीतरी होतं आणि काढलं, हे खरं आहे ना?"

बांबू त्यांना गोरेगावच्या बाजारात भेटला. कसल्याशा कामाला मी त्यांना सोबत नेलं होतं. टोपल्या, सुपं, डाल्या मांडून एक बुरूड बाई बसली होती. यांनी एक मोठा टोपला उचलला, उजेडात धरला, उलटा करून जमिनीवर ठेवला आणि त्यावर उभे राहिले. दोन्ही पायांनी.

"अवो साहेब!" बाई ओरडली. "धान ठेवाले हाय तो टोपला, नाचाले नाई!"

"वाकला नाही," ते वरूनच म्हणाले.

"वाकन कायले? म्या इनला हाय. पन तुटला तं इकत घ्या लागन तुमाले."

त्यांनी खाली उतरून तो घेतला. मग दुसरा घेतला, मग दोन सुपं. बाजार सगळा बघत होता. येताना जीपमध्ये त्यांच्या मांडीवर टोपला होता आणि ते त्याच्या विणीवरून हात फिरवत होते. "एकही काडी फुकट नाही," ते म्हणाले. "प्रत्येक काडी दुसरीला धरून आहे आणि सगळं उघड्यावर आहे. आम्ही हे जन्मभर सिमेंटकडून करवून घ्यायला बघत होतो."

मी म्हटलं, "टोपल्यात पाऊस येतो."

"तुम्हाला पावसाशिवाय दुसरं काही सुचत नाही का?"

त्यानंतरची तीन वर्षं त्यांनी आमच्या खात्याचा पिच्छा पुरवला. त्यांना एकच गोष्ट हवी होती. जिल्ह्यात अंगणवाडीची नवी खोली बांधायची तर मंजूर नकाशांची एक यादी असते. तिच्यातला नकाशा निवडायचा आणि बांधायचा. यादीतले सगळे नकाशे विटा आणि स्लॅबचे. डोंगरातल्या गावांपर्यंत वाळू-सळया पोचेपर्यंत वर्ष जातं, तोवर लेकरं कोणाच्या तरी पडवीत बसतात. बाजूला जंगलात बांबू उभा असतो. त्या यादीत बांबूचा एक नकाशा बसावा, एवढंच त्यांचं मागणं. त्यांना स्वतःचं नाव नको होतं, फी नको होती. सरकारी कामात अशा माणसाची फार अडचण होते. काय नको ते त्यानं सांगितलेलं असतं, आणि आमच्याकडे द्यायला तेवढंच असतं.

शेवटी 'प्रायोगिक' असा शिक्का मारून एक खोली बांधायची परवानगी मिळाली. जागा ठरली दरेकसा स्टेशनपासून थोडं आत, जंगलाला लागून असलेल्या एका गावात. खोली दोन पावसाळे टिकली की एक समिती येऊन पाहणार आणि यादीचं ठरवणार. देखरेखीला मी.

त्या थंडीत त्यांच्यातला शहरी माणूस पार निघून गेला. बांबू कोणता तोडायचा, किती जुना, औषधाच्या पाण्यात किती दिवस बुडवायचा, हे त्यांनी पुस्तकातून काढलं होतं. कसा चिरायचा आणि कसा विणायचा हे गावातल्या लोकांकडून. अंगणवाडीची मदतनीस पारबताबाई त्यांची मुख्य शिक्षिका. साठीची बाई, खिचडी शिजवण्यापासून लेकरांची नाकं पुसण्यापर्यंत सगळं तिच्याकडे. नवी खोली होणार म्हणजे चुलीला स्वतःची जागा मिळणार, म्हणून ती रोज येऊन कामावर नजर ठेवी. ते तिला पारबताबाई म्हणत, ती त्यांना साहेब म्हणे आणि दोघंही एकमेकांना अडाणी समजत.

खोली चांगली झाली. हे मी मैत्रीखातर म्हणत नाही. जाड बांबूचे खांब, दगडी जोत्यावर उचललेले; वर बांबूचाच सांगाडा आणि कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर, भिंतीपासून बरंच पुढे आलेलं. होय, उताराचं. मी फक्त वर पाहिलं. ते म्हणाले, "उतार मी दिला नाही. बांबूनं मागितला." खांबांच्या मधल्या भिंती चिरलेल्या बांबूच्या, विणलेल्या. प्रत्येक बोल्ट, प्रत्येक गाठ दिसत होती. नावाची पाटी नव्हती. उद्घाटनाची फीत त्यांनी मला लावू दिली नाही. लेकरं आत गेली, ते उद्घाटन.

पहिला पावसाळा खोलीनं सहज काढला. मग दिवाळी आली.

आमच्याकडे दिवाळीच्या आधी सगळं गाव भिंतींना लागतं. कुडाच्या, म्हणजे बांबूच्या विणलेल्या भिंतींना माती, शेण आणि धानाचा पेंढा, म्हणजे तनस, कालवून लिपायचं, वाळलं की वरून पांढऱ्या मातीचा पोतारा द्यायचा. ज्या घराची भिंत लिपलेली नाही त्या घरात एक तर कोणी मेलेलं असतं किंवा कोणी राहत नसतं. गावातल्या बायकांनी आपापली घरं उरकली आणि मग त्यांना वाटलं, लेकरांची खोली तशीच कशी ठेवायची? त्यांनी दोन दिवसांत चारही भिंती आतून-बाहेरून लिपून काढल्या. कोणी सांगितलं नाही, कोणाला विचारलं नाही. खोली पांढरीशुभ्र झाली.

दिवाळी झाल्यावर मी त्यांना घेऊन गेलो. वळणावरून खोली दिसली आणि त्यांनी मला जीप थांबवायला सांगितली. उतरले आणि तिथेच उभे राहिले. मला वाटलं, चक्कर आली. मग चालत खोलीपाशी गेले, भिंतीला हात लावला, हाताला लागलेली पांढरी माती पाहिली आणि म्हणाले, "बादली आणा. तारेचा ब्रश आणा."

दोन्ही वस्तू जीपमध्ये होत्या. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात बादली भरून देणारा मी होतो.

रस्त्याकडची दर्शनी भिंत त्यांनी आधी घेतली. पाणी ओतायचं, माती भिजवायची आणि ब्रशनं खरडायची. पारबताबाई आतून आली.

"साहेब, कायले खरडून रायले जी तुमी?"

"बांबू दिसला पाहिजे. हे बांबूचं घर आहे, मातीचं नाही."

"बांबू का पयाला जी कुठी? आतच हाय तो."

"आत असून उपयोग नाही. झाकलं की ते खोटं होतं."

"आमी रातदिस हात मोडून लिपलं, ते खोटं?" तिचा आवाज चढला. मागे आणखी तीन-चार बायका जमल्या. "नागव्या भिंतीत लेकरं बसवाची लाज वाटते आमाले. पाहुने आले तं म्हनतीन, या गावात बाया हायेत का मेल्या?"

ते खरडत राहिले.

"साहेब, तुमी आंगात सदरा काऊन घालता?"

"थंडी वाजते म्हणून."

"अन् उन्हाऱ्यात?"

बायका हसल्या. त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला आणि आणखी जोरानं खरडू लागले. दुपारपर्यंत त्यांनी ती एक भिंत खरडून काढली. तळहात सोलून निघाले होते. टाकीतलं पाणी संपलं आणि पारबताबाईनं हापशावरून आणखी आणू दिलं नाही. "खिचडीचं पानी हाय ते," ती म्हणाली. त्यामुळे तह झाला: रस्त्याकडची भिंत साहेबांची, बाकीच्या तीन बायकांच्या.

त्या खरडलेल्या भिंतीचे फोटो मीच काढले. सकाळच्या उन्हात ती सुंदर दिसे. शहरातल्या कोण्या मासिकात ते छापून आले. खाली मजकूर होता, त्यात 'प्रामाणिक' हा शब्द पाच वेळा होता. तीन पांढऱ्या भिंतींचा फोटो कोणी मागितला नाही.

दुसरा पावसाळा संपला. समितीची तारीख कळली. आदल्या दिवशी आम्ही दोघं पाहणीला गेलो. त्यांनी सवयीप्रमाणे मूठ वळून खांब वाजवले. ठणठणीत. सांगाडा पाहिला, ठीक. पांढऱ्या भिंती थोपटल्या, ठीक. मग दर्शनी भिंतीच्या एका बांबूवर टकटक केलं आणि थांबले. पुन्हा केलं. दुसऱ्यावर केलं. मलाही तो आवाज कळला, आणि माझे कान काही तयार नाहीत. सुकलेल्या भोपळ्यासारखा आवाज येत होता.

त्यांनी खिशातला चाकू काढून टोक लावलं. चाकू सहज आत गेला. पिवळसर पीठ भुरभुरत खाली आलं.

"घुन लागला हाय त्याले," मागून पारबताबाई म्हणाली. तिच्या हातात खराटा होता. "दोन मयने झाले. रोज सकारी पीठ झाडून रायली मी."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमाले वाईट वाटन म्हून."

ते जोत्यावर बसले. आत लेकरं कविता म्हणत होती, ती सगळी संपली आणि पुन्हा सुरू झाली.

मी माझ्या परीनं रस्ता काढला. सरकारी नोकरीत रस्ता काढणं हेच आमचं शिक्षण. म्हटलं, ही भिंत भार घेत नाही, त्यामुळे धोका कोणालाच नाही. समिती एक तास थांबेल, फोटो काढेल, जेवेल, जाईल. यादीत नाव आलं की आपण आठ दिवसांत बांबू बदलू. यात खोटं काही नाही, फक्त आधी काय आणि नंतर काय एवढाच फरक.

पारबताबाईकडे माझ्याहून बरी सोय होती. "चार बाया बोलावतो. उद्या सकारपर्यंत लिपून टाकू. कोनाले दिसते?"

ते तिच्याकडे बघून म्हणाले, "मागच्या वर्षी लिपलं ते खोटं नव्हतं. उद्या लिपलं तर होईल."

तिला ते कळलं. ती आत गेली. मला कळलं नाही असं मी दाखवलं आणि परतीच्या वाटेवर पुन्हा माझा मुद्दा मांडला. तीन वर्षांच्या हेलपाट्यांची आठवण करून दिली. पडवीत बसणारी गावं नावानिशी सांगितली. ते खिडकीबाहेर बघत होते. गोंदिया आल्यावर म्हणाले, "उद्या चाकू विसरलो तर आठवण करा." मला वाटलं, विनोद आहे.

समिती आली. तीन गाड्या, सहा माणसं, हार. अध्यक्ष शहरातले, बोलणं मोजून-मापून. त्यांच्या हातात ते मासिक होतं. ते थेट दर्शनी भिंतीसमोर उभे राहिले आणि बोलू लागले. साहित्याची प्रामाणिक अभिव्यक्ती म्हणतात ती ही. इथे मातीशी नातं आहे. मग खोलीला फेरी मारताना बाकीच्या तीन भिंती पाहून त्यांचा चेहरा पडला. "मूळ संकल्पना स्थानिकांनी बिघडवलेली दिसते," ते म्हणाले. "यादीत घेताना ही माती वगळावी लागेल. मागास दिसतं." मातीशी नातं सांगून त्यांना पाच मिनिटंही झाली नव्हती. दारात पारबताबाई नवं लुगडं नेसून पाण्याचे पेले घेऊन उभी होती. ते तिला ऐकू आलं.

"म्हणजे यादीत घेता?" यांनी विचारलं.

"अशा चारही भिंती असतील तर आनंदानं," अध्यक्ष म्हणाले आणि हात पुढे केला.

त्या क्षणी त्यांना हवं ते मिळालेलं होतं. फक्त हात हातात घ्यायचा होता. मी मनातल्या मनात जेवायला बसलोही होतो.

त्यांनी खिशातून चाकू काढला आणि अध्यक्षांच्या खांद्याच्या उंचीवर दर्शनी भिंतीच्या बांबूत मुठीपर्यंत घातला. मग काढून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. पीठ गळू लागलं. अध्यक्षांच्या बुटांवर, मासिकावर. एक सदस्य मागे सरकला.

"हे काय करताय तुम्ही?"

"बांबूला वरून साल असते, काचेसारखी," ते अगदी वर्गात शिकवल्यासारखं बोलले. "ती शाबूत असेल तर किडा आत शिरायला फार जोर लागतो. आत औषधही भरलेलं होतं. मी तारेच्या ब्रशनं साल खरडली आणि पाणी ओतून ओतून औषध धुऊन काढलं. का, तर बांबू दिसावा म्हणून. ही भिंत मी लोकांना दाखवण्यासाठी खराब केली. बाकीच्या तीन भिंती याच जंगलातल्या, याच दिवशी तोडलेल्या बांबूच्या आहेत. पारबताबाई, जरा उकरून दाखवा."

पारबताबाईनं पेले खाली ठेवले. ती आतून विळा घेऊन आली, सरळ अध्यक्षांजवळच्या पांढऱ्या भिंतीशी गेली आणि विळ्यानं वीतभर लिंपण उकरलं. खाली बांबू होता, नवा असल्यासारखा, सालीला चकाकी. यांनी चाकू तिच्या हातात दिला. तिनं टोचला. टोक घसरलं.

"मागास हाय जी," ती अध्यक्षांना म्हणाली. "पन शाबूत हाय."

अध्यक्षांनी रुमालानं बूट पुसले. पुसता पुसता त्यांना विचार करायला वेळ मिळाला असावा, कारण वर पाहिलं तेव्हा ते चिडलेले नव्हते, नुसते अडचणीत होते. यादीत काय लिहायचं, हा त्यांचा प्रश्न होता. बांबू टिकत नाही असं लिहावं तर तीन भिंती समोर उभ्या. टिकतो लिहावं तर बुटावर पीठ. आमच्यात बरीच चर्चा झाली, जेवण थंड झालं. शेवटी शेरा पडला: बांबूचा नकाशा यादीत घेण्यास हरकत नाही, मात्र भिंतींवर मातीचं लिंपण अनिवार्य, आणि त्याचा मापासह तपशीलवार नकाशा आठ दिवसांत सादर करावा. न केल्यास प्रस्ताव रद्द.

आता खरी पंचाईत झाली. आयुष्यभर त्यांनी झाकणारी एकही गोष्ट कागदावर काढली नव्हती. दुसऱ्याच दिवशी ते फळी, कागद आणि पेन्सिली घेऊन अंगणवाडीत हजर झाले आणि जमिनीवर मांडी घालून बसले. पारबताबाई तांदूळ निवडत होती.

"माती किती घेता?"

"लागन तेवढी."

"तनस?"

"माती म्हनन तेवढी."

"शेण?"

"आता तेही मोजता का जी?"

त्यांनी तिला शांतपणे सांगितलं की आठ दिवसांत आकडे दिले नाहीत तर बांबू यादीतून जाईल आणि पुढच्या गावात पुन्हा पडवीच. तिनं सूप बाजूला ठेवलं. मग चार दिवस तिनं आणि त्यांनी मिळून घमेली मोजली. ती माती कालवायची, ते लिहून घ्यायचे. एकदा तिचं प्रमाण आदल्या दिवसाहून वेगळं आलं तेव्हा ते म्हणाले, "काल तीन घमेली होती." ती म्हणाली, "काल ऊन होतं." त्यांनी उन्हासाठी नकाशात वेगळा रकाना केला.

राहिली जाडी.

"लिपता किती जाड?"

"बोटभर."

"कोणत्या बोटाचं?"

इतका वेळ तिनं त्यांना वेड्यात काढलं होतं. या प्रश्नावर मात्र तिनं मान डोलावली; पहिल्यांदाच कामाचं काही विचारलं होतं. "मधल्या. आंगठ्याएवढं लिपलं तं भेगा पडते. करंगरीएवढं लिपलं तं पावसात गरते."

"दाखवा."

तिनं हात पदराला पुसला आणि मधलं बोट कागदावर, त्यांनी काढलेल्या बांबूच्या रेषेला चिकटवून आडवं ठेवलं. त्यांनी पेन्सिल टोकदार केली आणि बोटाच्या कडेनं रेष ओढली, खऱ्या मापात. तिचं ते बोट मधल्या पेराशी वाकडं आहे, कधीतरी धान कापताना विळा लागून तसंच जुळलेलं. रेषही तिथे वाकडी आली. त्यांनी ती खोडली नाही. पट्टी बाजूलाच पडलेली होती.

नकाशा माझ्याकडे आला तेव्हा त्यावर मिलिमीटरमध्ये जाडी लिहिलेली होती, सगळं नियमाप्रमाणे. फक्त लिंपणाची बाहेरची रेष एका जागी फुगलेली. वरिष्ठांनी विचारलं, हे काय आहे? रेष सरळ करून मागवा. मी त्यांना फोन केला.

"बोट तसंच आहे," ते म्हणाले.

"पण भिंत सरळ असते ना?"

"भिंत सरळ असते. माप तिचं आहे." आणि फोन ठेवला.

मी नकाशा परत पाठवला नाही. खाली 'तपासले, बरोबर आहे' असं लिहून सही केली आणि वर पाठवला. वर कोणी रेषांकडे इतकं बघत नाही. तो मंजूर झाला, त्याच्या प्रती निघाल्या आणि तालुक्या-तालुक्यांत गेल्या.

ते आता मुलीकडे असतात, बाराव्या मजल्यावर. तिथल्या खिडक्यांबद्दल त्यांच्या तक्रारी आहेत. दवनीवाड्याला या वर्षी त्या नकाशाची अंगणवाडी झाली. काम चालू असताना गोंदियाच्या ठेकेदाराचा मला फोन आला. "साब, नक्शे में लिपाई की लाइन एक जगह टेढ़ी है. प्रिंट की गलती होगी. सीधी मार दूँ क्या?"

मी म्हटलं, "नाही. नकाशात आहे तशीच ठेवा. नकाशा मंजूर आहे."